दुधासारखं पाणी

१५ ऑगस्ट १९७१, रविवार, सकाळी ५.४०
उधना स्टेशन. गाडीची वाट बघत कॅमेऱ्याची काच मलमलीने पुसतो आहे. सातव्यांदा. आज वघईचा धबधबा काढायचा. बन्सीलालशेठच्या स्टुडिओतल्या धबधब्याच्या पडद्याला भोकं पडली आहेत. शेठ म्हणाले, खऱ्या धबधब्याचा फोटो आण, पेंटर त्यावरून नवा पडदा रंगवेल, आणि तुला डार्करूममध्ये कामाला घेतो. म्हणजे कापड कारखान्यातलं लूम सुटलं. खात्यातला खडखडाट सुटला. सोबत चुलतभाऊ लोटू. त्याला फोटोतलं काही कळत नाही.

तोच दिवस, दुपारी ४
बारा फोटो झाले. ज्याला त्याला धबधब्यापुढे उभं राहायचं असतं. दोन तास माणसं हाकलली. पुस्तकात दिलं आहे की शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की पाणी दुधासारखं दिसतं. त्यांनी अर्धा सेकंद सांगितला आहे. मी चार दिले. शेवटच्याला आठ. लोटू म्हणाला, "दादा, दूध उतू जाई."
त्याच्याशी बोलणं बंद.

२० ऑगस्ट, शुक्रवार
रोल शेठकडे धुवायला दिला. लूम सोडलं. गेटपास परत केला. आमच्या खात्याचे मुकादम, जॉबर छगनभाऊ म्हणाले, "अरे श्रीपत, फोटो तरी बघ आधी." जळतात.

२१ ऑगस्ट
बाराही पांढरे. शेठनी एक उजेडात धरला. म्हणाले, "यात धबधबा कुठाय? हे तर धोतर वाळत घातलंय." लोटू हसला. शेठनी रोल नीट धुतला नसणार. पुन्हा वघईला जाणार आणि नवे फोटो त्यांच्या तोंडावर फेकणार. फक्त गर्दी ओसरू दे.

१० ऑक्टोबर, रविवार, वघई
गर्दी अजिबात नाही. पाणीही नाही. कडेने एक धार, न्हाणीतल्या नळाएवढी. तिलाही चार सेकंद दिले. लोटू आला नाही. पाणी आटलं असेल म्हणाला होता. नीट समजावून सांगायला हवं होतं त्याने.

१४ ऑक्टोबर
शेठनी पडदा कॅलेंडरवरून रंगवून घेतला. पाणी निळं. थेंब मोजून घ्यावेत असे. अडाणी काम. डार्करूममध्ये भाचा ठेवला आहे. माझा दुसरा रोल त्यानेच धुतला, त्यामुळे त्याबद्दल लिहीत नाही.

२५ ऑक्टोबर
छगनभाऊ परत घेतो म्हणाले. नव्या गेटपासला फोटो हवा. उधन्यात दुसरा स्टुडिओ नाही, म्हणून शेठकडे गेलो. साधा पडदा धुवायला गेलेला. मला धबधब्यापुढे बसवलं. व्होल्टेज कमी होतं. शेठ म्हणाले, "तीनपर्यंत मोजतो, हलू नको." दोन म्हणाले तेव्हा मी मान वळवून सांगितलं की या उजेडात दीडच पुरे.

२७ ऑक्टोबर
फोटो आला. धबधब्याचा थेंबन् थेंब स्पष्ट. माझं तोंड दुधासारखं.
छगनभाऊंनी गेटवर सगळ्यांसमोर फोटो उलटासुलटा केला. म्हणाले, "धबधब्याला उद्यापासून घेतो कामावर. पण पुढे बसलाय तो कोण?" पास मिळाला नाही. शेठ दुसरा काढत नाहीत. आधी या फोटोचे पैसे दे म्हणतात.

खर्च:
रोल दोन – १२.००
धुलाई, प्रिंट – १०.००
गाडीभाडं (लोटूचं धरून) – १३.५०
कॅमेऱ्याचं भाडं, शेठना – ६.००
एकूण – ४१.५०

देणं:
लोटू – ३०.००
शेठ, पासाचा फोटो – २.५०. हे देणार नाही. दीडच पुरे होता.