ट्रॅकबरोबर, धनूशिवाय

१९ एप्रिल, रवि.
दांडी गावातली हळद पक्की. ९ मे, शनिवार. सकाळी प्रशांतचा फोन आला. मग बातमीदाराच्या सवयीने मुलीच्या वडिलांनाही विचारून घेतलं. तारीख हीच, आणि ढोलकी नको, असं त्यांनीही सांगितलं. मुलीच्या भावंडांनी मोबाईलवरच्या गाण्यांवर नाच बसवलेत. गाणी अगदी तश्शीच हवीत, म्हणून रेकॉर्ड केलेल्या संगीताचा ट्रॅक. प्रशांत गाणार, मी गिटार. ढोलकी ट्रॅकमध्येच आहे.
आमच्या तिघांच्या ग्रुपमध्ये ठेका पहिल्यापासून धनूचा. धनू म्हणजे सुलभाचा धाकटा भाऊ, माझा मेव्हणा. आणि हळद त्याच्याच गावात.
त्याला कोणी सांगायचं, ते प्रशांतने विचारलं नाही. गृहीत धरलं.

२० एप्रिल, सोम.
ट्रॅकवर पहिल्यांदा वाजवलं. वाईट. धनूबरोबर वाजवताना वेळेचा विचार कधी केलाच नव्हता. ते खातं त्याचं. इथे दुसऱ्या कडव्यापर्यंत मी कुठल्या कुठे निघून गेलेलो. स्वयंपाकघरातून सुलभा : "गानं अजून बोईसरला हाय, तुमी पालघरला पोचलात."
रियाज कशासाठी, ते तिला सांगितलेलं नाही.

२२ एप्रिल, बुध.
बातमी लवकर गेली. संध्याकाळ मोकळी. ट्रॅकचा वेग मोबाईलवर कमी करता येतो, केला. हळू वाजवणं जास्त अवघड. दोन ठोक्यांच्या मधे मोकळी जागा राहते आणि हात शिवशिवतो. पाय आपटून मोजलं, मग तोंडाने मोजलं. मोजायला गेलो की कॉर्ड चुकते.
रेकॉर्ड करून ऐकलं. आता सगळंच मागे पडलेलं. मागे कसं?

२४ एप्रिल, शुक्र.
रेकॉर्डिंग मागे पडतं म्हणून दोन दिवस उगाच घाई करत होतो. दोष बिनतारी इअरफोनचा. त्यात ट्रॅक कानापर्यंत उशिरा येतो, मी त्या उशिराबरोबर वाजवतो. वायरचा जोडला आणि खरं ते कळलं : मी पुढेच पळतो. गंमत म्हणजे अवघड जागी नाही. सोपी जागा आली की.
संध्याकाळी सरावलीच्या नाक्यावर धनू शिफ्टच्या बसमधून उतरला तेव्हा गाठून सांगितलं. त्याला आधीच ठाऊक होतं. मुलीचे वडील त्याचे लांबचे काका.
"तुमी कदी सांगता तेच बगत व्हतो," म्हणाला.
मग चहा. क्रिकेट. त्याच्या कंपनीतला नवा सुपरवायझर, त्याची नक्कल. खूप हसलो दोघं. नको तितके.

२५ एप्रिल, शनि.
सुलभाला सांगितलं. म्हणाली, मग तुमी पन नाय म्हनायचं ना. मी म्हटलं, प्रशांत दुसरा गिटारवाला आणेल. "आनू दे की."
 नाही म्हणावंसं वाटत नाहीये, हे उत्तर होऊ शकत नाही.

२९ एप्रिल, बुध.
नवा प्रकार. ट्रॅक चालू असताना आवाज पूर्ण बंद करायचा, आपण वाजवत राहायचं, चार ओळींनी पुन्हा वाढवायचा. रोज हुकत होतं. आज आवाज वाढवला तर ट्रॅक आणि मी एकाच जागी. पुन्हा केलं. पुन्हा तिथेच.
या वयात हाताला नवीन काही येतं, याचा आनंद वेगळाच. सांगायला धावलो. आणि घरात सांगण्यासारखं कोणी…

३ मे, रवि.
धनू आला. ढोलकी घेऊन. ट्रॅक लावला नाही. आमचं नेहमीचं, जुनं वाजवलं. पहिल्याच गाण्यात ऐकू आलं. धनू पळतो. थोडा थोडा, कडव्यागणिक. इतकी वर्षं ऐकू आलं नव्हतं कारण मी त्याच्याबरोबर पळत होतो.
बोलून गेलो.
त्याने हात ढोलकीवर ठेवूनच विचारलं, "आजच पळाय लागलो?"
"नाही. पहिल्यापासून."
"मंग? तवा तर तुमाला ग्वाड लागायचं." मग : "भावोजी, मी मानसांच्या पायांकडं बगतो. मानसं तापली का मी वाडवतो. ट्रॅक कोनाकडं बगतो?"
सुलभा तिथेच लसूण सोलत होती. मान वर केली नाही.
मग त्याने माझा इअरफोन मागून घेतला, ट्रॅक लावून वाजवून पाहिलं. गाणंभर धरूनही ठेवलं, बऱ्यापैकी. नंतर काढून माझ्या हातात दिला.
"ह्याच्यात कोन नाय."
दोघंही बरोबर आहोत असं लिहिणार होतो. बातमीत चालतं ते. इथे एक जण वाजवायला बसणार आणि एक जण नाही.

६ मे, बुध.
प्रशांतच्या घरी तालीम. तो खूश. "अगदी ट्रॅकसारखं वाजतंय आता." कौतुकच केलं त्याने.
म्हटलं, बसवलेले नाच झाल्यावर शेवटची दोन गाणी ट्रॅक बंद करू, धनूला घेऊ. तो म्हणाला, माझी हरकत नाही, घरच्यांना विचार. मुलीच्या वडिलांना फोन केला. धनू आमचाच हाय, कदी पन येवो, पन वाजवायचं काय ते पोरांना विचारा. मुलीच्या भावाला मेसेज केला. वाचलाय. उत्तर नाही.

७ मे, गुरु.
सकाळी भावाचं उत्तर : काका, नको, साउंडचा घोळ होतो.
सभ्य मुलगा आहे. सॉरीसुद्धा लिहिलंय.
धनूला कळवलं. फोनवर फक्त हं.

८ मे, शुक्र.
दुपारी धनूचा फोन. उद्याची सेकंड शिफ्ट बदलून घेतली. येणार आहे. ढोलकी घरी ठेवून, नाचायला. "पयल्या लायनीत हाय मी. मला बगून घाबरू नका."
उद्याचा क्रम असा. सातला साउंड. आठनंतर हळद. मग पोरांचे बसवलेले नाच. तोवर काही प्रश्न नाही. त्यानंतर सगळा गाव मांडवात उतरणार, धनू पुढे. तो टाळ्यांनी वेग वाढवणार, बायका त्याच्या मागे जाणार. ट्रॅक आहे तसाच राहणार. प्रशांतला ट्रॅकबरोबर गाण्यावाचून गत्यंतर नाही. मला आता दोन्ही येतं. पंधरा दिवसांपूर्वी यातलं काही ठरवावंच लागलं नसतं.
नव्या तारा चढवल्या. रात्री सुलभाने विचारलं, उद्या कोनाबरोबर वाजवनार?
म्हटलं, उद्या बघू.
तिने कपाटातून हिरवं लुगडं काढून खुर्चीवर ठेवलं. म्हणाली, "बगा. मी पन नाचनार हाय."