सात मिनिटांनी धाकटी

प्रिय ताई,

आपला सिनेमा एकदाचा लागला आणि काल मी तो बघून आले. दुपारच्या खेळाला गेले. दुकानात डोकं दुखतंय असं सांगून निघाले. चाळिशी उलटली तरी खोटं बोलायचं म्हटलं की मला अजून डोकंच दुखवावं लागतं. थिएटरात मोजून अकरा माणसं, त्यातली दोन घोरत होती. मध्यंतरात एक बाई माझ्याकडे टक लावून बघायला लागली आणि हळूच म्हणाली, "त्या तुम्हीच ना?" मी पटकन सांगितलं, "नाही, ती माझी बहीण." आता पडद्यावर निम्मा वेळ मीच होते की गं! तरी तोंडातून आलं ते हेच. मग उरलेला सिनेमा मी त्या बाईपासून तोंड लपवत पाहिला.

हे पत्र तू त्या डायलिसिसच्या खुर्चीत बसून वाचशील, हे मला माहीत आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार. डाव्या हाताला नळ्या, म्हणून उजव्या हातात धरता येईल असा पातळ कागद घेतलाय. फोन तू उचलत नाहीस. सात महिन्यांत आपलं बोलणं झालं ते "बरी आहे, नंतर करते" एवढंच, आणि ते नंतर काही आलं नाही. दाराशी आले तर भाऊजी सांगतात, झोपली आहे, आणि आतून तुझं खोकणं ऐकू येतं. तेही माझ्यासारखंच खोटं बोलतात बिचारे. पत्र मात्र तू फाडणार नाहीस याची खात्री आहे. माझी कॉलेजातली पत्रं वाफेवर धरून उघडणारी तू, तुला स्वतःच्या नावाचं पाकीट बंद ठेवायला कसं जमेल?

मला तुझी फार आठवण येते. आधीच सांगून टाकते, नाहीतर तीन पानं मी तुझ्याशी भांडत राहीन आणि मुद्द्याचं राहून जाईल.

तू सात मिनिटांनी मोठी. त्या सात मिनिटांचा तू जन्मभर जेवढा रुबाब मिरवलास तेवढा लोक सात वर्षांचा मिरवत नाहीत. तुझ्या मागोमाग आले म्हणून माझं नाव शेपूट. आईने दोघींना एकसारखे फ्रॉक शिवायचे आणि त्यातला कमी चुरगळलेला तू घालायचा. माझी कंपासपेटी, माझ्या चपला, माझा निळा स्वेटर, सगळं तू न विचारता घ्यायचीस. आणि मी ओरडले की म्हणायचीस, "तुझं काय नि माझं काय, एकच तर आहे." थंडीत आपल्याला एकच रजई होती. पहाटे मला जाग यायची ती पाय गार पडून, आणि सगळी रजई तुझ्या अंगाखाली गुंडाळलेली असायची. मी आईकडे तक्रार केली की तू डोळे मिटून साळसूदपणे घोरायचीस. तू पुढे नटी झालीस याचं घरात मला सोडून सगळ्यांना नवल वाटलं होतं.

म्हणून तर दिग्दर्शिकाबाईंनी तुला तो सिनेमा दिला आणि तू म्हणालीस की यातल्या बाईच्या नकलेचं काम करायला माझी धाकटी बहीणच घ्या, कॅमेऱ्याच्या करामती कशाला, तेव्हा मला हसू आलं. चष्म्याच्या दुकानात काचा घासणारी बाई मी. माझी सगळी हयात लोकांच्या नाकांची मापं घेण्यात गेलेली. पण तू सांगितलंस आणि मी अकरा दिवसांची रजा टाकली. या वेळीही तू विचारलं नव्हतंस हं, फक्त कळवलं होतंस.

गोष्ट तुला पाठ आहे, तरी काल मी ती पहिल्यांदाच सलग पाहिली. एक कारखानदार बाई आपल्याच शरीराच्या कणापासून एक नक्कल तयार करून घेते आणि लांब एका घरात वाढवते. चांगलं खायला घालते, सकाळी फिरायला पाठवते, दात तपासते. पुढेमागे आपला एखादा अवयव निकामी झाला तर हाताशी असावा म्हणून. आणि एक दिवस तो होतो. माझ्या वाट्याला एकही वाक्य नव्हतं. तालमीच्या पहिल्या दिवशी मी भीत भीत दिग्दर्शिकाबाईंना विचारलं होतं, की या मुलीला कुणी विचारत कसं नाही, की बाई गं, तू देतेस का? त्या हसून म्हणाल्या, "तोच तर सिनेमा आहे." आणि तू जेवता जेवता म्हणालीस, "विचारलं असतं तर दोन मिनिटांत संपला असता. मग तिकीट कोण काढणार?" सगळे खो खो हसले. मीही हसले.

पाचव्या-सहाव्या दिवशी मेकअपदादा कपाळाला हात लावून बसला. आपले चेहरे जुळेनात. कालपर्यंत पाण्याच्या दोन थेंबांसारखे होते, आता गालांची गोलाई वेगळी, डोळ्यांखालचा भाग वेगळा. आठवतं, सगळे कसे माझ्यावरच घसरले? मी बारीक झाले, मी उपाशी राहते, मला तुझ्यापेक्षा छान दिसायचंय! बाईंनी बजावलं, मूळ बाई आहे तशीच आहे, नकलेने तिच्याबरोबर राहायला हवं. मी निमूटपणे दुप्पट जेवायला लागले. तरी पुरेना, म्हणून दादाने माझ्या दोन्ही गालांत आतून कापसाचे बोळे बसवले. मला बोलायचं नव्हतंच, त्यामुळे कुणाची अडचण झाली नाही. पन्नास माणसं होती तिथे, ताई, आणि फरक माझ्यातच असणार हे सगळ्यांनी धरून चाललं. सुजत तू चालली होतीस.

इतरांना मी काय म्हणू? मी तर चष्म्याच्या दुकानातली. त्या वर्षात तू तीनदा माझ्याकडे आलीस, चष्मा घट्ट होतोय, कानशिलावर वळ उठतात म्हणून. तीनही वेळा मी काड्या गरम हवेवर धरल्या आणि जरा बाहेर वाकवून दिल्या. तिसऱ्यांदा वर चिडवलंसुद्धा, की जेवण कमी कर, फ्रेम बिचारी काय करील. घाटदार फ्रेम होती ती, मीच निवडलेली. माणसाचं डोकं चाळिशीत रुंद होत नाही एवढी अक्कल मला असायला हवी होती. दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर मी विचारलं असतं. तुझ्या बाबतीत मी हातोहात दुरुस्ती करून दिली आणि वर चहा पाजला. ते तीन दिवस मी रोज मोजते. सांगून ठेवते, म्हणजे या घरात न विचारण्याची खोड एकट्या तुझीच आहे असं तुला वाटायला नको.

मग तुझं आजारपण कळलं आणि दोन्ही मूत्रपिंडं गेल्याचं कळलं. आणि त्याच दमात तू मला सांगितलंस, की जुळ्या बहिणीचं चालत नाही, डॉक्टरांनी मला आधीच वगळलंय, एकीला झालं ते दुसरीलाही होऊ शकतं. मी विश्वास ठेवला. कोपऱ्यात जाऊन रडले आणि खरं सांगू, त्या रडण्यात थोडी सुटकाही होती. मला भीती वाटली होती, आणि तू ती न बोलता काढून घेतलीस. त्यानंतर तू फोन उचलेनाशी झालीस. मला वाटलं, आजारपणाने नाकावर राग आलाय, निवळेल.

मागच्या महिन्यात भाऊजी दुकानात आले. चष्म्याचा स्क्रू पडला होता. तुला ठाऊक आहे, चष्मा काढला की भाऊजींना समोरच्याचं तोंड दिसत नाही आणि मग ते खरं बोलतात. मी स्क्रू बसवत होते. ते हातांकडे बघत म्हणाले, "डॉक्टर पहिल्या दिवसापासून तुझंच नाव घेतायत. तुझ्याइतकं जुळणारं जगात दुसरं कुणी नाही म्हणे, नंतरची औषधंसुद्धा फारशी लागणार नाहीत. पण ती ऐकेल तर शपथ. म्हणते, ती काय माझी सुट्या भागांची पेटी आहे?" मी चष्मा त्यांच्या हातात दिला. तो घालून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एकदम त्यांना घरी जायची घाई झाली.

त्यानंतर मी गप्प बसले नाही. दुसऱ्या एका रुग्णालयात जाऊन तीन दिवस सगळ्या तपासण्या करून आले. माझी दोन्ही ठणठणीत आहेत, आणि तुझा तो आजार माझ्यात कुठेही नाही, हे त्यांनी लिहून दिलंय. आमच्या ह्यांना सांगितलं. ते उठून न गळणारा नळ दुरुस्त करत बसले. शेवटी म्हणाले, "शरीर तुझं आहे, तूच ठरव." आणि पुढे दोन दिवस माझ्या चहात साखर दोनदा पडत होती. मुलगी अजून शाळेत आहे, तिला काही सांगितलेलं नाही. मी शूरबिर काही नाही, ताई. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला बसवून विचारलं, की तुम्ही हे मनापासून करताय की बहिणीला आजवर नाही म्हणता आलं नाही म्हणून? उद्या सांगते म्हणून मी उठले. घरी येऊन आरशासमोर उभी राहिले आणि नाही म्हणायची तालीम केली. समोर तुझंच तोंड! चार वेळा अडखळले, पाचव्यांदा जमलं. मोठ्याने आणि स्पष्ट. म्हणजे मला येतं, हे कळलं.

आता कालच्या सिनेमातला शेवटचा भाग. नक्कल झोपलेली आहे, उद्या तिला नेणार आहेत, आणि मूळ बाई दारात येऊन एकदा बघते आणि निघून जाते. एवढंच लिहिलेलं होतं. चित्रीकरणाच्या वेळी माझे डोळे मिटलेले, त्यामुळे तू काय केलंस ते मला दिसलं नव्हतं. पायांवर काहीतरी आलं एवढंच जाणवलं होतं. काल दिसलं. तू आत आलीस, माझ्या पायांवरून सरकलेलं पांघरूण उचललंस आणि दोन्ही पावलं नीट झाकलीस. मग खाली खोचलंस, मी लाथ मारून काढू नये म्हणून. जन्मभर माझी रजई ओढणारी तू! थिएटरात मी एवढ्या मोठ्याने हुंदका दिला की घोरणाऱ्यांपैकी एक जागा झाला. बाहेर येऊन भाऊजींना फोन लावला आणि खोदून खोदून विचारलं. त्या चित्रीकरणाच्या दिवशी सकाळीच तुझा रिपोर्ट आला होता. शेवटी मेकअपदादालाच शंका आली आणि त्याने तुला बाजूला घेऊन रक्त तपासायला पाठवलं होतं म्हणे. म्हणजे तुला कळलेलं होतं, आणि पांघरूण घालता घालता तू माझ्या वतीने ठरवूनही टाकलं होतंस.

म्हणून हे पत्र. त्या कारखानदार बाईने नकलेला विचारलं नाही आणि घेतलं. तू मला विचारलं नाहीस आणि घेत नाहीस. तुझं प्रेम आहे, तिचं नव्हतं, एवढं मला कळतं. पण तोंडात बोळा असलेली मी दोन्हीकडे तशीच निजलेली आहे, आणि माझं काय करायचं ते दारातली बाई ठरवते आहे. ताई, मी तुझी नक्कल नाही. मी सात मिनिटांनी धाकटी अशी वेगळी बाई आहे, मला हो म्हणता येतं आणि आता नाहीही म्हणता येतं. शनिवारी मी त्या खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसणार आहे. भाऊजींना सांग, झोपली आहे म्हणू नका, मी खोकला ओळखते. निळा स्वेटर घालून येईन. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, माझी वस्तू माझ्याकडे माग. तोंडाने माग, माझ्याकडे बघून. मी काय उत्तर देईन ते इथे लिहीत नाही, कारण अजून तू विचारलेलं नाहीस. विचारलं तर दोन मिनिटांत संपेल असं तूच म्हणाली होतीस ना? संपू दे. मला दोन मिनिटं पुरतात.

तुझीच,
शेपूट