ग्लोव्ह बॉक्सचं झाकण आणि माझी शंभर कार्डं

३ मार्च, सोमवार, सकाळी ९.१०
आजपासून नोंदी. पुढे सत्काराला भाषण करावं लागलं तर टिपणं हाताशी हवीत.
विषय: गाडीच्या ग्लोव्ह बॉक्सचं प्लास्टिकचं झाकण. मोल्डमधून निघतं आणि एका कोपऱ्यात दोन मिलिमीटर वाकतं. चालतो फक्त अर्धा. शुक्रवारी गाडी कंपनीच्या तपासनीस बाई येणार. झाकणं पास झाली की मी प्रोसेस हेड. मॅनेजर तसं म्हणाले नाहीत, ‘बघू’ म्हणाले, पण म्हणताना माझ्याकडे पाहिलं.
येताना नव्या पदाची शंभर व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली. बायको म्हणाली, आधी झाकण तर सरळ करा. दूरदृष्टी नाही.

४ मार्च
प्रेशर वाढवलं. कूलिंग चाळीस सेकंदांवरून पंचवीसवर. झाकण बाहेर पडल्या पडल्या मोजलं. पॉइंट तीन! एका दिवसात.
मशीनवरचे मामा म्हणाले, साहेब, गार होऊ द्या, मग मोजा, गरम असताना सगळीच सरळ असतात. त्यांना ग्राफ दाखवला. तीनशे झाकणं काढायला लावली.

५ मार्च
तीनशेच्या तीनशे वाकडी. आता अडीच.
संभाव्य कारणं: प्लास्टिकच्या दाण्यांत ओल, पंखा, मामांचा नकारात्मक दृष्टिकोन. मग लक्षात आलं, टेबलच वाकडं असणार. टेबल बदललं. नवं टेबलही वाकडं निघालं.
कार्डं आली. जाड, देखणी. बायकोला एक दिलं, तिने मागे दूधवाल्याचा नंबर लिहिला. बाकीची मशीनजवळच्या कपाटात ठेवली.

६ मार्च, दुपारी १२
मॅनेजरनी विचारलं, उद्या काय दाखवणार. म्हणालो, ट्रेंड.
मामा म्हणतात, झाकण लाकडी चौकटीत दाबून गार करू. जो कोपरा वाकतो त्याच्याखाली टेकू देऊन आधीच उलटा वाकवू. हा जुगाड झाला. मी मूळ कारणावर काम करतो, असं स्पष्ट सांगितलं. मग डोकं दुखायला लागलं म्हणून हाफ डे.

७ मार्च, संध्याकाळी ५
पास. बाईंनी वीस झाकणं मोजली, वीसही ओके. मी ग्राफ समजावत होतो. त्यांनी कूलिंग विचारलं, मी पंचवीस म्हणालो. मामा म्हणाले चाळीस, काल परत केलं. टीमवर्क.
मग बाईंना चौकट बघायची होती, काल मी गेल्यावर मामांनी बनवलेली. कोपऱ्याखाली माझी सहा कार्डं. मामा म्हणाले, टेकूला सगळं करून पाहिलं, पण इतकं एकसारख्या जाडीचं दुसरं काही मिळेना. बाईंनी एक उलटून वाचलं आणि विचारलं, हे प्रोसेस हेड कोण. मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं. सोमवारसारखं नाही.

८ मार्च
मामा सुपरवायझर झाले. प्रोसेस हेडची जागा तूर्त भरायची नाही म्हणे. वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, फार वाईट वाटलं.
प्रोसेस शीट मात्र मीच टाइप केली: ‘कोपऱ्याखाली व्हिजिटिंग कार्ड, नग सहा, रोज बदलणे.’ म्हणजे माझ्याशिवाय लाइन चालणार नाही. मॅनेजरना तसं सुचवलं आणि विचारलं, आणखी पाचशे छापून घेऊ का.
म्हणाले, घ्या, जाडी तेवढी हीच ठेवा. छापायची गरज नाही, कोरी चालतील.