गोणपाटातल्या शंभर बिया

प्रिय सुकन्या,

सासऱ्याचं पत्र बघून छातीत धस्स होऊ देऊ नको, इथं सगळे खुशाल आहेत. तुझ्या सासूबाईंचा गुडघा तेवढा कुरकुरतोय, पण तोंड शाबूत आहे. हरभरा काढून झाला. मार्च लागला तसं ऊन असं काही तापून राहिलंय की दुपारी बारानंतर कुत्रं पण ओसरी सोडत न्हाई. रविकिरण शनिवारी लातूरहून येतो, रविवारी जेवून जातो, आणि जाताना तुमच्या दोघांच्या खोलीची खिडकी लागली का ते बघून जातो. फोनच करणार होतो, पण फोनवर मला ठसका लागतो आणि खरं ते राहून जातं. म्हणून कागद घेतला. तुला तिथं आणखी दोन वर्षं रोपं मोजायला मिळतायत आणि हो की न्हाई ते एकतीस तारखेच्या आत कळवायचंय. दिवाळीत आपल्या घरानं न्हाई म्हटलं, तू पण मान खाली घालून बरं म्हणालीस. ते न्हाई कशावरून ठरलं, त्याबद्दल लिहायचंय.

खरं सांगतो, तुझं काम काय हे मला लग्नानंतर दोन वर्षं कळलंच न्हाई. कुणी विचारलं की मी सांगायचो, सून हिमालयात फुलांवर आहे. लोकांना वाटायचं बागेत नोकरी आहे. या दिवाळीत तू ओसरीवर बसून नीट सांगितलंस. तेरा हजार फुटांवर बोटभर उंचीचं निळ्या फुलाचं झाड, नाव काही माझ्या जिभेवर बसलं न्हाई, त्याची पहिल्या दोन-तीन वर्षांतली पोरवयाची रोपं तू मोजतेस. जमिनीवर पारदर्शक पत्र्याची, वरून उघडी चौकट ठेवायची, म्हणजे आत दीड-दोन डिग्री ऊब जास्त. पुढं सगळ्या डोंगरावर जी ऊब येणार, ती आजच तेवढ्या हातभर जागेत आणायची. आणि मग गुडघ्यावर बसून बघायचं, कोण उगवतं, कोण मरतं. दोन वर्षांचं रोप माझ्या करंगळीच्या नखाएवढं म्हणालीस तेव्हा मी हसलो. आमचं सोयाबीन तेवढ्या मुदतीत दोनदा बाजारात जाऊन येतं.

पण एक गोष्ट डोक्यात अडकली ती अडकलीच. तू म्हणालीस, ऊब वाढली की बर्फ कमी पडतो, लवकर वितळतो, आणि मग कोवळी रोपं थंडीनं मरतात. आता हे काय गौडबंगाल? ऊब वाढली म्हणून गारठून मरायचं? तू समजावलंस की बर्फ म्हणजे त्यांची गोधडी, ती अंगावर असली की खालची माती फार गोठत न्हाई. गोधडी ओढून घेतली की रात्रीचा कडाका थेट रोपावर. त्या दिवसापासून मी नांगरटीत उभा राहिलो तरी तेच डोक्यात घोळतंय. शेजारच्या माणिकप्पाला सांगितलं तर तो म्हणाला, आप्पासाहेब, तुम्ही सून आणली का मास्तरीण.

आता मुद्द्यावर येतो. तुला माहीत आहे, पेरणीच्या आधी आख्खी गल्ली बी घेऊन माझ्याकडं येते. शंभर दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, सहाव्या दिवशी उघडायची. सत्तरच्या वर कोंब आले तर पेरा, खाली आले तर बियाणं बदला. तीस वर्षं झाली, माझा आकडा कुणी परत मोजत न्हाई. तू दिवाळीत दाखवायला आणलेलं बी तर पाखरानं टिपावं एवढं बारीक, तरी मी त्याचीही तपासणी मांडली. गोणपाटाच्या आत जुन्या धोतराचा तुकडा घातला. थंडीचे दिवस म्हणून गुंडाळी चुलीजवळ ठेवली, वर घोंगडी टाकली. तू म्हणालीस, आप्पा, याला ऊब नको, आधी दोन-तीन महिने गारवा लागतो, त्याशिवाय हे जागं होत न्हाई. मी सगळ्यांसमोर हसलो. थंडीनं कुठं बी उगवतं का! सहाव्या दिवशी उघडलं, काही न्हाई. पंधराव्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं, बी मेलेलं आहे, एकही उगवलं न्हाई. आणि रविकिरण, जो तोवर तुझ्याच बाजूनं होता, तोही म्हणाला, आप्पा म्हणतात म्हणजे तसंच असेल, सुकन्या, कशापायी आणखी दोन वर्षं घालवतेस?

तू माझ्याशी भांडली न्हाईस. जाताना उरलेल्या पन्नास बिया ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डबीत घातल्यास आणि गुपचूप सासूच्या हातात दिल्यास. मला काय ठाव! तिनं ती फ्रीजमध्ये ताकाच्या भांड्यामागं ठेवली. मी विचारलं तर म्हणे गुडघ्याचं औषध. जानेवारीत डीपी जळाली, दोन दिवस लाइट न्हाई, तर ही बाई डबी रांजणाच्या बुडाशी ओल्या वाळूत पुरून मोकळी झाली! म्हटलं, औषधाला काय मुळं फुटणार आहेत? ती म्हणाली, तुम्ही तुमचं बघा. शिवरात्र झाल्यावर तिनं ते फडकं बशीत पसरून खिडकीत ठेवलं. दहा-बारा दिवसांनी सकाळी चहा ठेवायच्या आधीच मला हाक मारली. चष्मा लावला, भिंग आणलं. पांढरी, केसाएवढी मुळं! मी तीनदा मोजलं. पन्नासात एकतीस. अगं माय!

तेव्हापासून प्रश्नच प्रश्न. बीला कळतं कसं की हिवाळा होऊन गेला? ते काय दिवस मोजतं? आणि तुझ्या चौकटीत ऊब मिळाल्यावर काही बिया बर्फ पडायच्या आधीच वर येतात म्हणालीस, ते मला आता समजायला लागलंय. आमच्याकडं नुसत्या सरीला भुलून पेरलं आणि मग पावसानं ओढ दिली की सगळं रान करपतं. आम्ही रडतकढत का होईना, दुबार पेरणी करतो. डोंगराला दुबार पेरणी कोण करणार? भुललेली रोपं पुढच्या हिवाळ्यात किती टिकतात हे तू न्हाई मोजलंस तर कुणाला कळणार? हे मी तुला शिकवत न्हाई. मला खरंच जाणून घ्यायचंय.

आता जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते लिहितो. त्या पंधराव्या दिवशी गोणपाटात दोन कोंब आले होते. शंभरात दोन. नीट बघितले मी, डोळ्यांचा दोष नव्हता. पोरगी एकदाची घरी येईल, घर भरेल, ओसरीवर नातवंड रांगेल, एवढंच मनात होतं, आणि मी दोन्ही कोंब अंगठ्यानं पुसून टाकले आणि एकही न्हाई म्हणालो. तीस वर्षांत लोकांच्या बियाण्याचा आकडा मी एका दाण्यानं कमी-जास्त सांगितला न्हाई. घरच्या लेकीचा सांगितला. गारव्यासाठी न थांबता वर येणारी जी रोपं मोजायला तू तिथं बसलीस, तीच दोन माझ्या हातानं गेली, हे तर मला आत्ता कळतंय. लाज वाटते, सुकन्या. परवा रविकिरणला समोर बसवून सगळं सांगितलं. तो म्हणाला, तिला राहायचं असेल तर माझी ना न्हाई, पण हे तिला तुम्हीच लिहा. म्हणून लिहिलं. तुझ्या वहीत माझ्या नावापुढं एकही न्हाई असं लिहिलं असशील तर ते खोड आणि शंभरात दोन असं लिही. एकतीस तारखेच्या आत तिकडं हो कळव. जमलं तर मला माफ कर, आणि न्हाई जमलं तरी हो कळव.

तुझाच,
आप्पा