उशाशी पक्कड

प्रिय महिपती,

एरवी पत्राच्या डोक्यावर ‘चिरंजीव’ लिहितो, आज हातून ‘प्रिय’ लिहिलं गेलं. माणूस घाबरला की बापपण जरा बाजूला ठेवतो, तसं समज. अक्षर एवढं मोठं कशाला काढलंय म्हणून हसू नकोस. शाळेची पायरी मी चढलो नाही. पोलादपूरच्या स्टँडवर ओझी उचलताना एस.टी.च्या पाट्या बघून अक्षरं शिकलो, तेव्हा माझं अक्षर पाटीसारखंच असायचं.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागणार नाही. तुझी आई हिंडती-फिरती आहे. पण तिचं तोंड बंद आहे. रागानं नाही रे, तारेनं. दिवाळी सरल्यावर आपली चांदी म्हैस व्याली. आई रेडकाला पुसायला वाकली आणि चांदीला वाटलं, ही माझं पोर नेते. तिनं नुसती मान फिरवली. तेवढ्यानं आईचा जबडा दोन ठिकाणी मोडला. पोलादपूरच्या डॉक्टरांनी बघूनच मान हलवली, महाडला पट्टी बांधली आणि तिथून पुण्याला धाडलं. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात हाडाला भोकं पाडून पोलादाची तार ओवली. ती आता जन्मभर आतच राहायची म्हणे. शिवाय वरचे दात आणि खालचे दात एकमेकांना तारांनी बांधून टाकले, हाड सांधेपर्यंत तोंड हलू नये म्हणून.

तुला कळवलं नाही. का, ते तुला माहीत आहे. दोन वर्षांमागं शिमग्याला मुंबईकर मंडळी आली आणि पालखीच्या गर्दीत त्यांच्यातल्या चांगूनं विचारलं, “काय काकी, सून कशी हाय?” तुझ्या लग्नाची बातमी तिला अशी मिळाली. त्या दिवशी घरी येऊन तिनं डोक्यावरची पाटी आदळली आणि म्हणाली, “माझ्या पोराचं लगीन मला परक्यानं सांगावं? मग माझ्या तोंडचा शबूद त्याला मिळायचा नाय.” तेव्हापासून घरात तुझं नाव निघालं की ती उठून गोठ्यात जाते. पुण्याला खाटेवर पडल्यापडल्या तिला बोलता येत नव्हतं, तरी मी ‘महिपतीला तार करू का’ म्हटल्यावर तिनं बोट असं हलवलं की शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा दचकली.

घरी आल्यापासून चूल माझ्याकडं आहे. तू बघितलं असतंस तर पोट धरून हसला असतास. तांदळाची पेज करायची, फडक्यातून गाळायची, पुन्हा गाळायची. एक शीत राहिलं तर नळी अडते. मागच्या दाढेच्या पलीकडं थोडी फट आहे, तिथं रबराची नळी सारून दूध, पेज, नाचणीचं आंबील हळूहळू सोडायचं. जिनं जबडा मोडला, त्या चांदीच्याच दुधावर ती जगते आहे. दर वेळी खाणं झालं की मिठाचं कोमट पाणी पिचकारीनं दातांवर मारायचं, नाहीतर आत कुजेल. तारेचं टोक गालाला बोचलं तर मेणबत्तीचं मेण मऊ करून त्यावर चिकटवायचं. मिश्री तर पार बंद. तिचा डबा मी माळ्यावर टाकला, तर कळकाची काठी घेऊन तिनं तो खाली पाडला आणि नुसता नाकाला लावून बसली. मी ओरडलो तेव्हा बांगड्या पितळीवर वाजवल्या. बोलता येत नाही, तर आता ती बांगड्यांनी बोलते. पेज जास्त गरम झाली की एक आवाज, मी चुकलो की दुसरा. दुसराच जास्त ऐकू येतो. अंगावरचं मांस मात्र उतरलं आहे, लुगड्याच्या निऱ्या दुप्पट येतात.

हे सगळं मी निभावलं असतं. खरी गोष्ट वेगळी आहे आणि तिनं माझी झोप पळवली आहे. दवाखान्यातून सोडताना तिथल्या डॉक्टरणीनं तार कापायची पक्कड माझ्या हातात दिली. म्हणाली, “बाबा, ही यांच्या उशाशी ठेवायची. उलटी झाली तर ती बाहेर यायला वाट नाही, श्वासात जाईल आणि माणूस गुदमरेल. तसं झालं तर ओठ वर करायचा आणि उभ्या तारा कापायच्या. आडवीला हात लावायचा नाही. उशीर करायचा नाही. दिसतात ना तारा?” मी म्हटलं, दिसतात. त्या दिवसापासून आमच्या घरात फोडणी घातली नाही, ठसका लागू नये म्हणून. तिला उचकी लागली तरी माझा हात पक्कडीकडं जातो. शेजारचा हैबती म्हणतो, “म्हातारा सुईण होऊन बसलाय.” म्हणू दे.

आणि तुला तर ठाऊक आहे, तुझ्या आईला गाडी किती लागते. पोलादपूरहून महाडला जाताना राजेवाडी येईस्तोवर हिचं डोकं खिडकीबाहेर. आणि आम्हाला पुण्याहून यायचं होतं वरंध्याच्या घाटातनं. डॉक्टरणीनं गोळी दिली होती, आई उपाशीपोटी बसली होती, नाकाशी लिंबू होतं. मी कंडक्टरला सगळं सांगितलं, त्यानं ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हर भला माणूस. गाडीत आधी कुजबूज झाली, मग एकजण म्हणाला, “दादा, अंड्यांची पाटी घेऊन निघाल्यागत हाक गाडी.” थोडं हसू झालं. भोर मागं पडलं, चढ संपला आणि उतार लागला तसं कुणीच हसेना. वळण आलं की सगळी गाडी मागं वळून हिच्याकडं बघायची. मी पक्कड मुठीत धरून बसलो होतो, मूठ घामानं निसरडी झाली होती.

माझेरीच्या वरच्या वळणावर तिनं माझी मांडी दाबली. बघतो तर तोंड पांढरंफटक, कपाळावर घाम, गळा वरखाली होतोय. मी ओरडलो, “थांबवा!” गाडी जागच्या जागी उभी राहिली. मी तिचा ओठ वर केला, पक्कड पुढं नेली. ड्रायव्हर उतरून आला. “बाबा, कापू नका, दमानं घ्या! वारा लागू द्या म्हातारीला,” असं म्हणून त्यानं खिडकीची काच ओढली. पुढच्या बाकावरच्या बाईनं पदरानं वारा घातला, “लांब लांब श्वास घे गो बाय, नाकातनं घे,” म्हणत राहिली. आईनं माझं मनगट धरलं होतं, दुसऱ्या हातानं लिंबू नाकाशी दाबलं होतं आणि माझ्या डोळ्यांत बघत होती. महिपती, इतक्या वर्षांच्या संसारात तिला भ्यालेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मग तिचा गळा थांबला. शिवथरच्या बाजूनं दरीतला गार वारा वर आला आणि तोंडावर रंग परतला. गाडी सुटली तशी सगळे म्हणाले, बाबांनी धीर धरला म्हणून बरं झालं, घाईत तार कापली असती तर हाड पुन्हा सरकलं असतं.

मी धीर धरला नव्हता रे. मला तार दिसलीच नाही. ओठाखाली नुसतं काहीतरी चकाकत होतं, पाण्यावर ऊन पडावं तसं. उभं कुठलं, आडवं कुठलं, दात कुठं संपला, काही कळलं नाही. महाडच्या स्टँडवर उतरल्यावर आपल्या गाडीची पाटीसुद्धा मला लोकांना विचारावी लागली. ज्या पाट्यांवर अक्षरं शिकलो, त्याच आता मला वाचता येत नाहीत. डोळ्यांत पडदा आला आहे, बरेच दिवस झाले. डॉक्टरणीला खरं सांगितलं असतं तर त्यांनी आईला सोडलं नसतं आणि ती घरी यायला तळमळत होती. म्हणून ‘दिसतात’ म्हणालो. ही गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही.

पत्र लिहायचं कारण एवढंच. पुढच्या मंगळवारी तारा काढायला पुण्याला बोलावलं आहे, म्हणजे पुन्हा तोच घाट, आणि या वेळी चढून जायचा. हैबती येतो म्हणाला, पण त्याच्या हातात पक्कड दिली तर त्यानं ती नांगराच्या रुमण्यासारखी धरली. तू मोटारींची वायरिंग करतोस, केसाएवढ्या तारा कापणं हा तुझा रोजचा धंदा. रविवारी रात्रीची गाडी धर, सूनबाईला घेऊन ये. आईच्या शेजारी तू बस. तिचं तोंड बांधलेलं आहे तोवर तरी ती तुला शिव्या देऊ शकत नाही आणि बोलत नाही म्हणून तू वाईटही वाटून घेऊ नकोस, सध्या ती कुणाशीच बोलत नाही. तिला न सांगता हे लिहायचं, असं मी ठरवलं होतं. पण ती दारात येऊन उभी राहिली आणि हनुवटीनं विचारलं, कुणाला? मी तुझं नाव घेतलं. ती वळून गोठ्यात गेली, नेहमीसारखी. मला वाटलं, झालं. मग थोड्या वेळानं परत आली, पुण्याला न्यायची पिशवी खुंटीवरून काढली आणि परसातली लिंबं पदरात आणून त्यातली दोन पुसून पुसून आत ठेवली. एक तिचं. मला गाडी लागत नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. आणि तिच्याखेरीज या घरात गाडी कुणाला लागायची, तेही.

तुझी वाट बघणारा, तुझाच,
बाबा