गळावरचा लाल दोरा

तांबळडेग,
१९ जानेवारी २०२५

चि. संदेश यास,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळी खुशाल. फोनवर बोललं की आई, मुलं, शेजारीण, सगळ्यांच्या कानी जातं, म्हणून बहरीनला परत निघालेल्या बासितच्या हाती ही चिठ्ठी देते आहे.

कंपनीच्या स्पर्धेत सगळ्यांत लांब मासा तुझा, आणि बक्षीस म्हणून घरी येण्याजाण्याचं तिकीट! आईने वाडीत सांगायचं कोणी शिल्लक ठेवलेलं नाही. शिमग्याला तू येणार म्हणून आत्तापासून कुळीथ निवडून ठेवलेत. पण तुझा फोटो मी जरा निरखून पाहिला. माशाच्या तोंडातल्या गळाला वीतभर तार आहे आणि तारेच्या टोकाला लाल दोरा गुंडाळलाय. शहाणा झालास की काय रे? दातवाला मासा दोरी चावून तोडतो, गळाला तार लाव म्हणून बाबा जन्मभर ओरडले, पण तू कधी मनावर घेतलं नाहीस. आता कोणी शिकवलं ते कळव. आणि कानाला मफलर बांध, हसतील त्यांना हसू दे.

तुझी वाट बघणारी,
मालूताई


सित्रा, बहरीन,
३१ जानेवारी २०२५

ती. सौ. मालूताईस,
शि. सा. न. वि. वि.
तुझी चिठ्ठी वाचली आणि जेवण गेलं नाही. तार मला कोणी शिकवलेली नाही. ती अर्शदची आहे. अर्शद म्हणजे माझ्याच खोलीतला, रत्नागिरीचा फिटर. लाल दोरा तोच गुंडाळतो.

आमचे मोठे साहेब फिनलंडचे. त्यांच्या गावी हिवाळ्यात खोल तळ्यांवरचा बर्फ फोडून पाईक नावाचा दातवाला मासा धरतात. इथे ना तळं ना बर्फ, म्हणून त्यांनी जानेवारीत खोल समुद्रात तशाच दातवाल्या बाराकुडा माशाची स्पर्धा ठेवली. आम्ही एकाच बोटीवर होतो. अर्शद आपली दोरी कठड्याला बांधून नांगर ओढायला पुढे गेला. तेवढ्यात माझी दोरी जड लागली. ओढली तर दोघांच्या दोऱ्यांचा गुंता वर आला. माझा गळ रिकामा होता आणि मासा अर्शदच्या गळाला. मी मासा आत घेतला आणि सुरीने अर्शदची दोरी तारेच्या वर कापली. विचार न करता केलं असं नाही म्हणणार, विचार केला होता.

तो परत आला, तुटकी दोरी बघितली, आणि माशाने तोडली म्हणून स्वतःलाच शिव्या दिल्या. मग माशाच्या तोंडाकडे न बघताच माझी पाठ थोपटली. त्याची मुलगी मुस्कान सहा वर्षांची आहे. दोन वर्षांत त्याने तिला पाहिलेलं नाही. ताई, फार लाज वाटते. एकाच खोलीत राहून त्याच्याकडे बघवत नाही. गावी निघालेल्या लतीफभाईंकडे ही चिठ्ठी देतोय, आईच्या हाती लागू देऊ नकोस.

तुझा,
संदेश


तांबळडेग,
१० फेब्रुवारी २०२५

चि. संदेश यास,
आशीर्वाद. तुझा राग आला, आणि माझीही लाज वाटली, कारण तो फोटो घेऊन वाडीभर मीच मिरवले. दुसऱ्याच्या जाळ्यातून सुटलेला मासा दिसला तरी बाबा हाक मारून परत द्यायचे. तू त्यांचाच मुलगा ना?

त्या तिकिटावर येऊ नकोस. आधी अर्शदला सांग, मग साहेबांना. त्याने शिव्या दिल्या तर मान खाली घालून ऐक. आईचं मी बघते. रागावले असले तरी माया आटलेली नाही, हे ध्यानात ठेव.

मालूताई


सित्रा,
८ मार्च २०२५

ती. सौ. मालूताईस,
शि. सा. न. वि. वि.
तू म्हणालीस तसंच केलं. अर्शदला सांगितलं तेव्हा तो कपड्यांच्या घड्या घालत होता. तो घड्याच घालत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

साहेबांनी नियम काढला. ज्याच्या गळाला मासा लागला त्यानेच तो ओढला पाहिजे, नाहीतर मासा बाद. तिकीट दुसऱ्या नंबरच्या बाळाजींना गेलं. म्हणजे मी खरं बोलूनही अर्शदच्या हाती काही पडलं नाही. तुझं तिकीट मी काढतो असं त्याला म्हटलं, तर मफी, म्हणजे इथल्या अरबीत नाही, म्हणून तो उठून गेला. पंधरा दिवस वेगळा जेवत होता.

काल इफ्तारनंतर त्याने आपणहून तो फोटो मागितला. मुस्कानला पाठवला आणि फोन लावून सांगितलं की हा बघ, अब्बांनी पकडलेला मासा. फोन स्पीकरवर होता. पोरीने विचारलं की अब्बांचा मासा आहे तर तो या काकांच्या हातात कसा. अर्शद ‘अगं, ते असं झालं’ असं घोळवायला लागला. माझ्याकडे बघेना. मला कळलं, तो माझी अब्रू राखायला काहीतरी खोटं शोधतोय. मग मीच त्याच्या हातातून फोन घेतला आणि मुस्कानला सांगितलं की बाळा, हा मासा मी तुझ्या अब्बांकडून चोरला.

आईला नमस्कार सांग. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
संदेश