सत्यशीलेची शाल आणि माझा थायरॉइड

२ मे २०२५, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. पुरावा हवा म्हणून. मला थायरॉइड झालाय. टेस्ट केलेली नाही, पण मोबाइलवर एकवीस लक्षणं दिली होती, त्यातली अठरा माझी. ऑफिसात दुपारी झोप लागते, हे तर साहेबांनीही पाहिलंय. बायकोला सांगितलं. सत्यशीला म्हणाली, "मलेबी लय थकल्यासारखं वाटून राह्यलं." माझं दुखणं निघालं की हिचं लगेच निघतं.

४ मे
डाएट सुरू. पत्ताकोबी हद्दपार. पुडीचं मीठही बंद. त्यात कंपनीवाले आयोडीन मिसळतात आणि वर पुडीवर छापतात, इतकी हिंमत. ऑफिसातल्या धनराजकरवी कुरखेड्याच्या बाजारातून खडेमीठ आणवलं. आता आठ दिवसांत फरक.

७ मे
पारा पंचेचाळीसवर. अख्खं सावली गाव भाजून निघतंय आणि ही कूलर बंद करून शाल पांघरून बसते. म्हणे थंडी वाजते. शालीत काहीतरी लपवत असणार. बहुतेक पुडीचं मीठ. ती आंघोळीला गेल्यावर शाल झटकून पाहिली. काही सापडलं नाही. हुशार आहे.

१२ मे, बुद्धपौर्णिमा
वंदनेला विहारात निघालो, तर ही अर्ध्या वाटेत एका ओट्यावर बसली. घरी खीर केली, त्यात साखर नाही. तेवीस वर्षांत पहिल्यांदा. शेजारच्या अंजनाबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, बाईचं तोंड सुजल्यावानी दिसते. दाखवा ना कुठी." अंजनाबाईही हिला सामील आहेत.

१६ मे
उद्यापासून पहाटे पाच किलोमीटर चालणे. अलार्म लावला.

१७ मे
अलार्म कुणीतरी बंद केला.

२० मे
न्हाणीत केसांचा गुंता. केस गळणे, लक्षण क्रमांक नऊ. लांबी दोन फूट भरली. मला २०११ पासून टक्कल आहे, तरी नोंद करून ठेवतो.

२३ मे
दूध उतू गेलं, ही समोर उभी. दुपारी दोन तास झोपली. मी तोंडावर आळशी म्हणालो. गप्प राहिली. पूर्वी एकाला चार ऐकवायची. आता गप्प म्हणजे नक्कीच काहीतरी शिजतंय.

२६ मे
शेवटी दवाखान्यात गेलो. सत्यशीला पाण्याची बाटली धरायला सोबत. डॉक्टर मॅडम माझी लक्षणं ऐकताना सारख्या हिच्याकडेच बघत होत्या. जुनी ओळख असावी. रक्त दोघांचंही घेतलं. हिचं कशाला? यात लॅबवाल्याचा हात आहे.

२९ मे, संध्याकाळी
रिपोर्ट आले. माझा टीएसएच, म्हणजे थायरॉइडचा आकडा, २.१. चारपर्यंत नॉर्मल. मॅडम म्हणाल्या, दुपारी भात कमी खा, झोप येणार नाही.

हिचा ६८.

आजार बरेच महिने जुना असावा, म्हणाल्या. म्हणजे खडेमिठाने झालेला नाही, पण पुडीचं मीठ आजच सुरू करा. कोबी शिजवून खाल्ली तर चालते. नुसत्या डाएटने हे जात नाही. गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, आणि आपल्या मनाने बंद करायची नाही. मग मला विचारलं, इतके दिवस तुमच्या काहीच लक्षात आलं नाही? मी हो म्हणालो, मग नाही म्हणालो.

परत येताना सत्यशीला हळूहळू चालत होती. म्हणाली, "मले वाटे, मीच आळशी झाली. तुमी म्हणता ते खरंच असंन. रोज सकाळी उठतानी सोताले शिव्या देत होती मी."

मी तिच्या हातातली पाण्याची बाटली घेतली. घर येईपर्यंत मीच धरली. ती आत जाऊन आडवी झाली. मी इथे रिपोर्ट घेऊन बसलोय. मला काहीही झालेलं नाही. तसं लेखी मिळालंय.